कंडरेची दुखापत: विश्रांती किती, वजन किती

टाचेच्या मागची शीर, म्हणजे कंडरा, दुखायला लागली की बहुतेक जण एकाच वाटेने जातात. धावणं बंद, जिना टाळायचा, मलम चोळायचं, रात्री शेकायचं. तीन आठवड्यांत दुखणं निवतं. मग एका सकाळी जुन्याच वेगाने, जुनंच अंतर धावून येतात आणि दुसऱ्या दिवशी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टाकवत नाही. असे तीन-चार फेरे झाले की दुखणं जुनाट होतं आणि इंजेक्शनचा विषय निघतो.

इथे विश्रांती कमी पडलेली नसते. विश्रांतीने ठणका थांबला, पण तेवढ्या दिवसांत कंडरेची भार पेलण्याची ताकदही उतरली, आणि धावण्याची मागणी मात्र होती तेवढीच राहिली. पायाच्या कंडरांची बहुतेक दुखणी या तफावतीतून येतात. म्हणून उपचारही दोन भागांचा: आधी भार थोडा उतरवायचा, मग मोजून-मापून ताकद वाढवायची. कंडरा तुटली असेल तर मात्र सुरुवातीचे नियम उलटे होतात. त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिलं आहे.

कंडरा इतकी सावकाश का सुधारते

कंडरा स्नायूला हाडाशी बांधते. पोटरीतले दोन मोठे स्नायू, वरचा फुगीर गॅस्ट्रोक्नेमियस आणि त्याखालचा सपाट सोलियस, खाली एकत्र येतात आणि एका जाड पट्टीने टाचेच्या हाडाला जोडले जातात. ती पट्टी म्हणजे अकिलीस कंडरा. शरीरातली सर्वांत जाड आणि बळकट कंडरा हीच. धावताना प्रत्येक पावलाला तिच्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण सहा ते आठ पट ताण येतो. माणूस ७० किलोचा असेल तर हिशेब सव्वाचारशे ते साडेपाचशे किलोंच्या घरात जातो. चालणं जमतंय म्हणजे धावणं जमेल, हा अंदाज इथेच फसतो.

आत मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाचे तंतू असतात, दोरखंडाच्या पेडांसारखे एकाच दिशेने घट्ट बांधलेले. मधे पेशी तुरळक आणि रक्तवाहिन्याही तुरळक. टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटिमीटर वरच्या पट्ट्यात रक्तपुरवठा आणखी कमी असतो. दुखण्याची आणि तुटण्याची नेहमीची जागा तीच.

कंडरेचं नूतनीकरण किती मंद असतं हे एका वेगळ्याच मार्गाने कळलं. १९५५ ते १९६३ या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला होता. त्याचं प्रमाण कंडरेत मोजून डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की अकिलीस कंडरेचा गाभा वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास तयार होऊन जातो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही. चाळिशीत आपण ज्या कंडरेवर धावतो, तिचा गाभा शाळकरी वयातला असतो.

दुखऱ्या कंडरेत आत नेमकं काय बिघडतं? मोठा भाग दाहाचा नसतो. तंतूंची शिस्त विस्कटते, त्यांच्यामधे पाणी धरून ठेवणारे रेणू साठतात, नको तिथे बारीक रक्तवाहिन्या आणि त्यांच्याबरोबर मज्जातंतू शिरतात. कंडरा जाड होते. सुरुवातीच्या आठवड्यांत भार कमी केला तर हा बदल बऱ्याच अंशी मागे फिरतो. वर्षभर जुनं झालं की मधला बिघडलेला भाग पुन्हा नव्यासारखा होईल अशी आशा धरू नये. त्याची गरजही नसते, कारण जाड झालेल्या कंडरेत त्या भागाभोवती चांगले तंतू पुरेसे शिल्लक असतात आणि व्यायामाने तयार करायचे ते तेच.

म्हणूनच सोनोग्राफी किंवा एमआरआयच्या अहवालाने घाबरून जाऊ नये. कसलीही तक्रार नसलेल्या खेळाडूंच्या कंडरांतही असे बदल दिसतात. उलट दुखणं पूर्ण गेल्यावरही चित्र तसंच राहू शकतं. निदान करताना शंका असेल तर तपासणी जरूर करावी. दर तीन महिन्यांनी "सुधारलं का" म्हणून पुन्हा करण्यात मात्र अर्थ नाही, पैसे आणि झोप दोन्ही जातात.

दुखणं कंडरेचंच आहे ना?

अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत टाचेच्या मागची कंडरा धरा आणि खालून वर थोडं थोडं दाबत जा. हाडापासून दोन-तीन बोटं वर एका ठरावीक जागी कळ आली आणि तिथे कंडरा दुसऱ्या पायापेक्षा जाड लागली, तर ते मधल्या भागाचं दुखणं. कळ थेट हाडावर, बुटाची मागची कड घासते तिथे असेल, तर ते जोडाच्या जागेचं, म्हणजे कंडरा हाडाला जोडली जाते तिथलं. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोघांचा व्यायाम वेगळा आहे.

कंडरेच्या दुखण्याच्या दोन खुणा सहसा चुकत नाहीत. सकाळची पहिली पावलं ताठर पडतात आणि काही मिनिटांत पाय मोकळा होतो. आणि धावायला सुरुवात केल्यावर दुखतं, अंग तापल्यावर थांबतं, पुढे काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी दामदुपटीने परत येतं. या मधल्या "थांबण्या"मुळेच लोक फसतात.

काही वेळा गोष्ट वेगळी असते. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागतेय, भार न देताही दुखतेय, तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दोन्ही टाचा एकदम दुखतात, सकाळचा ताठरपणा अर्धा-पाऊण तास टिकतो आणि सोबत पाठही आखडते, अशा वेळी संधिवाताची तपासणी हवी. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली प्रतिजैविकं घेताना किंवा घेतल्यानंतर काही आठवड्यांत टाच दुखू लागली तर डॉक्टरांना लगेच सांगा. या औषधांनी कंडरा दुखावते, तुटूही शकते, आणि वय साठच्या पुढे असेल किंवा सोबत स्टिरॉइड चालू असेल तर धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००८ पासून या गोळ्यांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला आहे. मधुमेह असेल, किंवा दोन्ही कंडरा विनाकारण जाड असतील, तर रक्तातली साखर आणि कोलेस्टेरॉलही पाहून घ्यावं.

दुखण्याची मोजपट्टी

व्यायामात थोडं दुखणं चालतं. किती, हे ठरवायला शून्य ते दहा अशी पट्टी धरतात. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पना करवेल तेवढं. व्यायाम करताना पाचपर्यंत चालेल. काही फिजिओथेरपिस्ट तीनवरच थांबवतात आणि नवख्यासाठी तेच बरं. पण खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. उठल्यावरची पहिली दहा पावलं कालच्यासारखीच असतील तर भार योग्य होता. ताठरपणा वाढला आणि दिवसभर राहिला, तर कालचा भार जास्त झाला. पुढच्या खेपेला एक पायरी खाली या, व्यायाम बंद करू नका.

ही सकाळची नोंद रोज करावी, कॅलेंडरवर एक आकडा लिहिला तरी पुरे. आठवड्याचे आकडे एकत्र पाहिले की दिशा कळते. एखाद्या वाईट दिवसावरून निर्णय घेतला की सगळं वेळापत्रक कोलमडतं.

धावणं पूर्ण थांबवावंच लागतं असंही नाही. स्वीडनमध्ये २००७ साली झालेल्या अभ्यासात एका गटाला पहिले सहा आठवडे धावण्या-उड्यांपासून दूर ठेवलं, दुसऱ्या गटाला ही पट्टी पाळून ते चालू ठेवू दिलं. व्यायाम दोघांना सारखाच दिला. सुधारणा दोन्ही गटांत झाली, धावणारे मागे पडले नाहीत. आधी कापायचा तो वेग, चढ आणि उड्या. सपाटीवरचं संथ धावणं सगळ्यात शेवटी.

मधल्या भागासाठी व्यायाम

दोन्ही पायांवर टाचा उचलतानाही पाचच्या वर दुखत असेल तर स्थिर धरण्यापासून सुरुवात करा. भिंतीला हात टेकून टाचा अर्ध्या उंचीवर उचला आणि ४५ सेकंद तशाच ठेवा. दोन मिनिटं थांबून पुन्हा. असं पाच वेळा. काहींना याने तासाभरासाठी चांगला आराम पडतो, काहींना काहीच वाटत नाही. दोन्ही चालतं, आठवड्याभरात पुढे सरकायचंच आहे.

पुढची पायरी म्हणजे जमिनीवर दोन्ही टाचा उचलणं, तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली, १५ वेळा, असे तीन सेट. ते सोपं झालं की एका पायावर. तेही जमलं की जिन्याच्या खालच्या पायरीच्या कडेवर चवडा टेकवा, टाच बाहेर मोकळी सोडा, कठडा धरा आणि टाच पायरीच्या पातळीखाली जाईपर्यंत सावकाश उतरवा.

इथून दोन रस्ते आहेत. जुना रस्ता १९९८ साली स्वीडनमधून आला. चांगल्या पायाने वर जायचं आणि दुखऱ्या पायाने फक्त खाली उतरायचं. १५ चे तीन सेट गुडघा सरळ ठेवून, तीन सेट गुडघा किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, रोज, १२ आठवडे. दिवसाला एकूण १८० वेळा. याचा गुण येतो यात वाद नाही, पण रोज १८० वेळा टाच उतरवायला संन्याशाचा संयम लागतो.

दुसरा रस्ता जड वजनाने सावकाश करण्याचा, आठवड्यातून तीनच दिवस. प्रत्येक उचल सहा सेकंदांची, तीन वर आणि तीन खाली. पहिल्या आठवड्यात १५ वेळा उचलता येईल एवढं वजन आणि तीन सेट. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात १२ वेळा. चौथ्या-पाचव्यात वजन वाढवून १० वेळा आणि सेट चार. सहाव्या ते आठव्यात ८ वेळा, नवव्या ते बाराव्यात ६ वेळा. वजन असं निवडायचं की शेवटची उचल कशीबशी पुरी व्हावी आणि पुढची होऊ नये. सेटच्या मधे दोन-तीन मिनिटं थांबायचं. २०१५ साली डेन्मार्कमध्ये या दोन पद्धतींची तुलना झाली. गुण सारखाच आला, पण जड वजनाच्या पद्धतीत लोक जास्त टिकले. आमचा कौलही तिलाच, कारण दिवसाआडची विश्रांती कंडरेच्या चालीला जुळते. जोरदार व्यायामानंतर पहिला दिवस-दीड दिवस कोलॅजन मोडण्याचं प्रमाण बनण्यापेक्षा जास्त असतं, मग पारडं फिरतं आणि बांधकाम साधारण ७२ तासांपर्यंत चालू राहतं. रोज जड वजन उचललं तर मोडतोड होते आणि बांधकामाला सवड मिळत नाही.

घरी वजन म्हणजे पाठीवरची पिशवी आणि तिच्यात पुस्तकं किंवा पाण्याच्या बाटल्या. ५ किलोंपासून सुरू करून अडीच-अडीच किलोंनी वाढवा. २० किलोंच्या पुढे पिशवी पाठीला नको होते, तेव्हा व्यायामशाळेतलं यंत्र गाठावं. बसून करायचा प्रकारही हवाच, कारण गुडघा वाकलेला असला की काम सोलियसवर येतं आणि धावण्यातला मोठा वाटा सोलियसचा असतो. खुर्चीवर बसून गुडघ्यावर वजन ठेवायचं आणि टाच उचलायची. हा स्नायू दणकट आहे. पाच-दहा किलोंनी त्याला जाग येत नाही, शरीराच्या निम्म्या वजनापर्यंत तरी पोचायला हवं.

बिघडतं कुठे, तर बहुतेक वेळा वेगात. लोक टाच झटक्यात उचलतात आणि सोडून देतात. कंडरा ताणलेल्या स्प्रिंगसारखं काम करून घेते आणि स्नायूला कष्टच पडत नाहीत. दुसरी चूक उंचीची. दहाव्या उचलीनंतर टाच अर्धीच वर जाते आणि मोजणी मात्र चालू राहते. भिंतीवर पहिल्या उचलीच्या उंचीला पेन्सिलने खूण करा. खुणेपर्यंत टाच पोचेना तिथे सेट संपला. तिसरी, चवड्याच्या बाहेरच्या कडेवर, करंगळीकडे कलणं. भार अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या मुळावर राहिला पाहिजे. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे सहाव्या आठवड्यात, दुखायचं थांबलं म्हणून सोडून देणं. दुखणं आधी जातं, ताकद नंतर येते. १२ आठवडे हा किमान हिशेब आहे. जुन्या दुखण्याला सहा महिने ते वर्ष लागणं मुळीच विशेष नाही.

धावण्याकडे परतायचं ते उड्यांच्या वाटेने. एका पायावर पूर्ण उंचीच्या वीसेक उचली होतात, अर्धा तास भरभर चालून दुसऱ्या सकाळी काही जाणवत नाही, एवढं झालं की जागच्या जागी दोन्ही पायांवर छोट्या उड्या: २० चे तीन सेट, दिवसाआड. दोन आठवड्यांनी एका पायावर. मग एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. दर दोन-तीन खेपांनी धावण्याचं मिनिट वाढवा. आधी वेळ वाढवायची, मग वेग, मग चढ. चढावर घोटा जास्त वाकतो आणि कंडरा जास्त ताणली जाते, म्हणून तो शेवटी. लागोपाठ दोन दिवस धावणं पहिले तीन महिने नको. वजनाचा व्यायाम धावण्याबरोबरही आठवड्यातून दोनदा चालू ठेवायचा.

जोडाच्या जागी दुखत असेल तर

टाच पायरीखाली उतरली की कंडरा टाचेच्या हाडाच्या वरच्या कोपऱ्यावर दाबली जाते. जोडाच्या जागेचं दुखणं या दाबानेच वाढतं. त्यामुळे इथे पायरी वर्ज्य. सगळे व्यायाम सपाट जमिनीवरच करायचे आणि टाच जमिनीला टेकली की थांबायचं. पोटरी ताणण्याचे व्यायामही बंद. "पोटरी आखडली आहे, ताणा" हा सल्ला सर्रास मिळतो आणि इथे तो नुकसान करतो. दोन्ही बुटांत टाचेखाली एक ते दीड सेंटिमीटरची गादी घाला, घरात अनवाणी फिरू नका, मागची कड कडक असलेले बूट काही महिने बाजूला ठेवा.

पायाच्या इतर कंडरा

गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकाशी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं उड्या मारणाऱ्या खेळाडूंचं, विशेषतः व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉलवाल्यांचं. इथेही जड आणि सावकाश हेच तत्त्व, फक्त व्यायाम म्हणजे बैठका, पायाने वजन ढकलण्याचं यंत्र आणि गुडघा सरळ करण्याचं यंत्र. सुरुवातीला गुडघा ६० अंशांच्या आसपास वाकवून ४५ सेकंदांचे स्थिर सेट. वाटीच्या आजूबाजूला सगळीकडे, नेमकी जागा न सापडता दुखत असेल तर ते सहसा कंडरेचं नसतं.

बसताना कुल्ल्याखालच्या हाडाशी खुपतं, लांब टांगा टाकताना कळ येते, ते मांडीमागच्या स्नायूच्या कंडरेचं. ते ताणायला वाकलात की वाढतं. नितंबाच्या बाहेरच्या उंचवट्यावर रात्री कुशीवर झोपल्यावर दुखतं, ते नितंबाच्या स्नायूंच्या कंडरेचं. चाळिशीनंतरच्या बायकांत जास्त. पायावर पाय टाकून बसणं, एका पायावर झोक देऊन उभं राहणं थांबवायचं, झोपताना गुडघ्यांच्या मधे उशी घ्यायची. २०१८ साली ऑस्ट्रेलियात या दुखण्यावर इंजेक्शन आणि व्यायाम यांची तुलना झाली तेव्हा सवयी बदलण्याचं शिक्षण आणि व्यायाम हाच मार्ग सरस ठरला.

घोट्याच्या आतल्या बाजूला दुखतं आणि पायाची कमान खाली बसत चालली आहे, यात मात्र डॉक्टरांना दाखवायला थांबू नये. तिथली कंडरा कमान धरून ठेवते. मागून पाहिलं तर त्या पायाची बोटं बाहेरच्या बाजूला जास्त दिसतात आणि एका पायावर टाच उचलता येत नाही. उशीर झाला तर पाय कायमचा सपाट होतो.

इंजेक्शनं, यंत्रं, गोळ्या

स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे छान वाटतं, आणि तेवढ्यात माणूस धावायला जातो. पुढे दुखणं परततं. अकिलीस आणि गुडघ्याच्या कंडरेच्या आत ते देऊच नये, तुटण्याचा धोका आहे. स्वतःच्याच रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) वेगळ्या काढून टोचण्याचा, म्हणजे पीआरपीचा, गाजावाजा मोठा आहे. पण अकिलीसच्या दुखण्यात २०१० आणि २०२१ च्या नीट केलेल्या चाचण्यांत पीआरपी घेतलेले आणि नुसतं नावापुरतं इंजेक्शन घेतलेले यांच्यात फरक पडला नाही. शॉकवेव्ह, म्हणजे यंत्राने दाबलहरींचे धक्के देण्याच्या उपचाराचा काहींना उपयोग होतो. तीन महिने व्यायाम करूनही अडलं असेल तर त्याची जोड द्यायला हरकत नाही, व्यायामाच्या ऐवजी नको. बर्फ, शेक, मालिश यांनी बरं वाटतं, त्यापलीकडे कंडरेत काही घडत नाही. वेदनाशामक गोळी घेऊन धावणं सगळ्यात वाईट, कारण मोजपट्टीच हातातून जाते.

कंडरा तुटली तर

खेळताना अचानक झेपावलं, मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, वळून पाहिलं तर कुणी नाही. बऱ्याचदा फट असा आवाजही येतो. अकिलीस तुटण्याचं हे नेहमीचं वर्णन. साधारण ३० ते ५० वयाचे, आठवड्यातून एखाद दिवस खेळणारे पुरुष यात जास्त असतात, आणि अनेकांना आधी कधी काही दुखलेलंही नसतं.

पहिली कळ ओसरते, माणूस लंगडत चालतोही, आणि पाय मुरगळला म्हणून सोडून देतो. पाऊल खाली दाबताही येतं, कारण बोटांचे आणि घोट्याच्या बाजूचे दुसरे स्नायू ते काम थोडंफार करतात. म्हणून "चालता येतंय, म्हणजे तुटलेली नाही" हे चुकीचं. तपासायची रीत सोपी आहे. पालथं झोपा, पावलं पलंगाच्या कडेबाहेर लोंबू द्या, दुसऱ्याला पोटरीचा जाड भाग हाताने आवळायला सांगा. कंडरा शाबूत असेल तर पाऊल खाली झुकतं. पाऊल हललंच नाही तर तुटली. दुसऱ्या पायावर करून फरक पाहा. कंडरेवर बोट फिरवलं तर खळगाही लागतो, पण सूज आल्यावर तो सापडत नाही.

त्या क्षणापासून एकच नियम: चवडा खाली झुकलेला ठेवा. पाऊल वर ओढलं की तुटलेली टोकं दूर जातात. चोळू नका, पाय टेकू नका, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अस्थितज्ज्ञांकडे पोचा. उपचार दोन आठवड्यांच्या आत सुरू झाले तर टोकं आपसूक जुळण्याची शक्यता चांगली असते. महिना उलटला की प्रकरण अवघड होतं.

शस्त्रक्रिया करायची की नाही? नॉर्वेत ५२६ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर पायाचं काम दोन्ही बाजूंना सारखंच होतं. पुन्हा तुटण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेविना ६.२ टक्के, शस्त्रक्रियेनंतर ०.६ टक्के. उलट मज्जातंतूला इजा शस्त्रक्रियेविना ०.६ टक्के, मोठ्या छेदाच्या शस्त्रक्रियेत २.८ आणि छोट्या छेदाच्या ५.२ टक्के. वर जंतुसंसर्ग आणि जखम न भरण्याची भीती. तरुण, स्पर्धेत खेळणाऱ्याने शस्त्रक्रियेकडे झुकावं आणि मधुमेही किंवा धूम्रपान करणाऱ्याने शक्यतो टाळावी, असं ढोबळ मानाने म्हणता येईल.

दोन्हींत पुढचा प्रवास जवळपास एकच. घोटा धरून ठेवणारा उंच बूट आणि त्यात टाचेखाली पाचरी. पहिले दोन आठवडे पाऊल पूर्ण झुकलेलं, मग डॉक्टर सांगतील तसं कुबड्या घेऊन भार देणं सुरू, आणि दर आठवडा-दोन आठवड्यांनी एक पाचर काढायची. बूट साधारण आठ ते दहा आठवडे राहतो. अनेक ठिकाणी तो पहिले काही आठवडे झोपतानाही घालायला सांगतात. एक बूट उंच झाल्यामुळे कंबर दुखू लागते, म्हणून दुसऱ्या पायातही जाड तळाचा बूट हवा. पाय धुण्यासाठी बूट काढण्याची परवानगी मिळाली तर खुर्चीवर बसा, पाय खाली लोंबता ठेवा, चवडा झुकलेलाच असू द्या आणि चुकूनही उभं राहू नका. या काळात पोटरीत गुठळी होण्याचा धोका असतो. पोटरी अचानक सुजली, छातीत दुखलं, धाप लागली, तर तातडीने दवाखाना. रक्त पातळ करणारं औषध लागेल का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

बूट सुटल्यावरचे चार-सहा आठवडे सर्वांत धोक्याचे. पुन्हा तुटण्याच्या घटना बहुधा पहिल्या तीन महिन्यांत होतात आणि त्या खेळताना कमी, ओल्या फरशीवर घसरून किंवा जिन्याची पायरी चुकून जास्त. पायरीवर पूर्ण पाऊल टेकवूनच चढा. बुटात टाचेची गादी ठेवा. पोटरी ताणू नका, पायरीच्या कडेवरून टाच उतरवू नका, फिजिओथेरपिस्ट सांगेपर्यंत. घोटा आखडल्यासारखा वाटतो आणि ताणायचा मोह होतो, पण आखडलेला घोटा महिन्या-दोन महिन्यांत सुटतो. लांब भरून आलेली कंडरा परत आखूड होत नाही. पालथं झोपून दोन्ही गुडघे काटकोनात वाकवा आणि पावलं सैल सोडा. दुखावलेलं पाऊल दुसऱ्यापेक्षा कमी झुकलेलं दिसलं तर कंडरा लांबली आहे.

व्यायामाचा क्रम असा: आधी बसून टाचा उचलणं, मग उभं राहून दोन्ही, मग भार हळूहळू दुखावलेल्या पायाकडे सरकवत एका पायावर. १२ आठवड्यांनी एका पायावर एकही उचल न होणं अगदी नेहमीचं आहे. संथ धावणं चार ते सहा महिन्यांनी, उड्यांचे आणि झटकन वळायचे खेळ नऊ महिने ते वर्षाने. वर्षानंतरही पोटरी थोडी बारीक आणि थोडी दुबळी राहते. कमतरता जाणवते ती शेवटच्या टप्प्यात, टाच सर्वांत वर असताना. एका पायावर टाच उचलून टाचेपासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजा, दुसऱ्या पायाचंही मोजा. सहा महिन्यांनी दोन-तीन सेंटिमीटरचा फरक असेल तर नुसत्या जास्त उचली करून तो भरत नाही. टेबलावर दोन्ही हात दाबून थोडं वजन हातांवर घ्या, टाच पार वरपर्यंत न्या, हातांचा भार कमी करत दहा सेकंद तिथेच टिका आणि सावकाश उतरा. सहा ते आठ वेळा, तीन सेट, दिवसाआड, आणि दर महिन्याला टेप पुन्हा लावा.